आईला सांगितलेली कादंबरी

माझ्या आईने आयुष्यात एकच इंग्रजी कादंबरी ऐकली आहे आणि तिच्यापायी माझ्या मामेबहिणीचं जमत आलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. कादंबरीत कोणाचंच लग्न मोडत नाही. ती भर मी घातली.

आधी माझ्याविषयी. मी पनवेलला एका सरकारी कचेरीत कारकून आहे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या वाचते. त्याही एकाच तऱ्हेच्या, ज्यांत बाई बाईच्या प्रेमात पडते. तलवारी असल्या तर उत्तम, ड्रॅगन असला तर सोन्याहून पिवळं! मोबाइलवर वाचते आणि संपली की वाचकांच्या एका संकेतस्थळावर माझं मत ठोकून देते. तिथे मी खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. (मराठीत अशा कादंबऱ्या शोधून शोधून दमले, त्याचाही राग मी इंग्रजीवरच काढते.)

माझी मतं ठाम आहेत. जिकडेतिकडे दोघी प्रवासाला निघतात, वाटेत वादळ होतं, धर्मशाळेत एकच खाट शिल्लक असते आणि मग लेखिका पन्नास पानं घाम गाळते. आमच्या घरी एका खोलीत सात माणसं झोपायची. कोणी कोणाच्या प्रेमात पडलं नाही, फक्त पांघरुणावरून मारामाऱ्या झाल्या. तलवारबाज बाईला जखम होते तीही नेमकी अशा जागी, की पट्टी बांधायला दुसरीच लागावी. अलीकडे दोन बेकरीवाल्यांच्या भांडणातून फुलणाऱ्या प्रेमाची लाट आली आहे. त्यांत पाव इतका वेळ भाजतात, की गिऱ्हाईक म्हातारं होतं. आणि शेवटी दोघींपैकी एकीला मारून टाकणाऱ्या लेखिकेला तर मी अर्धा तारासुद्धा देत नाही. रडायचंच असेल तर आमची कचेरी आहे की!

पण सगळ्यांत जास्त तोंडसुख मी घेतलं ते गेल्या पावसाळ्यात गाजलेल्या एका जाडजूड कादंबरीवर. त्यात राजकन्येचं प्रेम असतं ड्रॅगन सांभाळणाऱ्या बाईवर. हे राजवाड्यातल्या आचाऱ्याला ठाऊक, पहारेकऱ्याला ठाऊक, ड्रॅगनला तर पहिल्या पानापासून ठाऊक. फक्त राणीला, म्हणजे राजकन्येच्या आईला ठाऊक नाही. आणि ही बया आईला सांगते कधी, तर शेवटच्या प्रकरणात! मी एक तारा दिला आणि लिहिलं, ‘नायिका अजिबात पटत नाही. एवढी साधी गोष्ट आईला सांगायला कोणी चारशे पानं घेतं का?’ त्या मताला खूप वाचकांनी पसंती दिली. मी आठवडाभर खुशीत होते.

हे मत अर्चनाने वाचलं आणि मलाच मोठ्याने वाचून दाखवलं. अर्चना पेणकडची आगरी. तिच्या वडिलांचे ट्रक आहेत. सगळा धंदा ती बघते आणि ड्रायव्हर आला नाही तर स्वतः गाडी घेऊन जाते. आम्ही दोघी बरीच वर्षं एका घरात राहतो, एका ताटात जेवतो, एकमेकींवर जीव टाकतो, आणि म्हसळ्याजवळच्या माझ्या गावी ती माझी ‘मैत्रीण’ आहे. तिच्या घरी तिने केव्हाच सांगून टाकलं होतं. वडील महिनाभर बोलले नाहीत, मग एका ट्रकचं इंजिन बसलं तेव्हा बोलले.

“यंदा पोपटीला येन मी तुमच्याकडं,” ती म्हणाली. “पन मैतरीन म्हणून ही शेवटची.”

म्हणजे आता सांगणं भाग होतं. मी निश्चय केला. पोपटी, म्हणजे थंडीत शेतात मडक्यात शेंगा-कोंबडी भाजून खायचा बेत, त्याच्या आधी दोन दिवस रजा काढून गावी गेले आणि आईसमोर बसले. आई निवृत्त अंगणवाडी सेविका. वर्षावासात विहारात ग्रंथ वाचायचा तर आमच्या वाडीत तिच्याइतका खणखणीत आवाज कोणाचा नाही. ऐकणाऱ्याचं लक्ष उडालं की ती वाचन थांबवून त्याच्याकडे बघते. अशा बाईला सरळ सांगायची माझी छाती होईना. म्हणून मी ठरवलं, की तीच राजकन्येची कादंबरी तिला सांगायची, हळूहळू तिचं मन वळवायचं, आणि मग शेवटी म्हणायचं, आई, ही राजकन्या म्हणजे मीच.

आम्ही बिरडं सोलायला बसलो. मोड आलेले वाल एकेक करून सोलायचे म्हणजे कादंबरीला भरपूर वेळ. पण आईला पहिल्याच वाक्याला शंका. राजकन्या दिवसभर करते काय? काही करत नाही म्हटल्यावर आईचा तिच्यातला रस संपला. म्हणून मी राजकन्येला नोकरी दिली. मग ड्रॅगन आला. एवढ्या जनावराला रोज खायला काय घालतात, त्याचं शेण कोण काढतं, असं आईने विचारलं. चारशे पानांत हे कुठेच आलेलं नव्हतं. (हा मुद्दा मी माझ्या मतात घ्यायला हवा होता.) शेवटी मी ड्रॅगन काढला आणि तिला स्कूटी दिली. किल्ला आईला पटेना, कारण तिथे पाणी कोण चढवतं. मग किल्ल्याच्या जागी अलिबागला भाड्याची खोली आली. ड्रॅगन सांभाळणाऱ्या बाईला आता काम उरलं नाही, म्हणून ती खोलीतली जोडीदारीण झाली. बिरडं निम्मं सोलून होईपर्यंत माझ्या कादंबरीत उरल्या होत्या अलिबागला नोकरी करणाऱ्या, एका खोलीत राहणाऱ्या, एकमेकींवर जीव असलेल्या आणि घरी सांगायला घाबरणाऱ्या दोन मुली.

आईचे हात थांबले.

“कळलं मला, तू कुणाचं सांगतेस ते,” ती म्हणाली. “तिला सांग, घाबरू नको म्हणावं. मी बघते काय ते.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी परसात जाऊन अर्चनाला फोन केला आणि सांगितलं, की झालं, आईला कळलं, आई काहीही बोलली नाही! अर्चनाने विचारलं, की मी नेमकं काय म्हणाले. मी स्कूटीपर्यंत आले तेव्हा पलीकडून तिने फोन ठेवला.

पोपटीच्या दिवशी दुपारीच ती गाडीत पोपटीच्या मडक्यात घालायच्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा भारा टाकून आली. आमच्याकडचा पाला तिला चालत नाही. आईने तिला चहा दिला, अगं अर्चना करत तिच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली, सगळं नेहमीसारखं. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, पण मोठ्या मनाची माणसं अशीच असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्या दिवशी पोपटीला तळा गावाहून पाहुणे यायचे होते. माझी मामेबहीण रूपाली हिला बघून गेलेला तिथला एक शिक्षक आणि त्याचे आईवडील. पसंती झालेली होती, आज पक्कं करायचं होतं. संध्याकाळी कापणी झालेल्या शेतात आम्ही मडकं लावलं. तळाशी भांबुर्डा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा पाला. मडकं उपडं करून भोवती पेंढा पेटवला आणि अर्चना पाण्याचा तांब्या घेऊन राखणीला बसली. तेवढ्यात रूपालीने मला दंडाला धरून बांधावर ओढत नेलं.

रूपाली अलिबागला एका पतसंस्थेत नोकरी करते. एका मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. आणि तिच्याकडे स्कूटी आहे. हे सगळं मला लहानपणापासून... म्हणजे ती नोकरीला लागल्यापासून ठाऊक होतं. पण कादंबरी सांगण्याच्या भरात माणसाला काय काय आठवणार?

झालं होतं असं, की आई सकाळीच मामीकडे गेली होती. रूपालीचं मन दुसरीकडे आहे, तिच्या खोलीतल्या मैत्रिणीवर आहे, हे तिने मामीला सांगितलं. मामी रडायला लागल्यावर तिने तिला विहारातल्या खणखणीत आवाजात सुनावलं, की सकाळ-संध्याकाळ वंदना म्हणायची आणि घरातल्या पोरीला रडवायचं, हे काय बरं न्हाय. लोक दोन दिवस बोलतील, पोरगी जन्मभर आपली हाय. मामी हट्टी, पण पटलं की पटलं. दुपारपर्यंत तिने मनाची तयारी केली होती. रूपालीने शपथा घेतल्या, की तिला हा शिक्षकच हवा आहे. पण मामीने तिला पोटाशी धरून म्हटलं, की बाळा, आता लपवू नको. मामी पाहुण्यांना नकार देणार होती. फक्त उपाशीपोटी पाहुण्यांना नकार देऊ नये, म्हणून ती पोपटीची वाट बघत होती.

म्हणजे मडकं उघडलं की रूपालीचं लग्न मोडणार!

मी धावत मडक्यापाशी आले. अर्चनाने पाणी शिंपडलं, मडकं चर्र वाजलं. पोपटी झाल्याची हीच खूण.

“झाली. काढू?” तिने विचारलं.

मी म्हटलं, अजून कच्ची असेल, पेंढा टाक. तिने टाकला. थोड्या वेळाने पुन्हा शिंपडलं, पुन्हा चर्र. मी म्हटलं, अंडी शिजायला वेळ लागतो. तळ्याच्या पाहुण्यांनी मडक्याकडे बघून नाकं हलवली. अर्चना उठली, माझ्या कानाशी आली. पेंढा टाकताटाकता रूपालीची हकीकत मी तिला सांगितली होती.

“वाल करपले. तू सांगतंस का मी मडकं काढू?”

तिकडे मामी पदर सावरून उभी राहिली होती. तिने घसा खाकरला. मला आजवर वाचलेल्या सगळ्या कादंबऱ्यांतले प्रसंग आठवले. ड्रॅगनवरून ओरडलेले, चांदण्यात कुजबुजलेले. त्यांतला एकही म्हसळा तालुक्यात चालण्यासारखा नव्हता.

“मामी, ती रूपाली नाही,” मी म्हटलं. “ती मी आहे. मी आणि अर्चना.”

आईने माझ्याकडे बघितलं, मग अर्चनाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं आपण आता आईला गमावलं. ती काहीतरी बोलणार, इतक्यात मामीने तिचा हात धरला.

“वन्सं,” मामी म्हणाली, “वंदना म्हणायची आणि पोरीला रडवायचं, हे काय बरं न्हाय. लोक दोन दिवस बोलतील.”

सकाळचं भाषण मामीने शब्दन्शब्द पाठ केलं होतं. आई त्याच्यात अशी सापडली, की मागेपुढे सरकायला जागा नाही. तिने काडीने विस्तव उकरला. मग म्हणाली, “बोलले ते बोलले. आता गिळता येत न्हाय.” आणि अर्चनाला म्हणाली, “मडकं काढ गं. जळलं सगळं.”

शेंगा कोळसा झाल्या होत्या. कोंबडी मडक्याला चिकटून बसली होती. अंडी तेवढी बरी निघाली. आईने त्यातलं पहिलं सोललं, फुंकर मारली आणि अर्चनाच्या हातावर ठेवलं. अर्चना ट्रक चालवणारी बाई, पण ते अंडं तिला खाता येईना. तळ्याच्या पाहुण्यांनी पक्कं केलं आणि फक्त एवढंच विचारलं, की लग्नाचा स्वयंपाक माझ्याकडे नाही ना.

घरी परतताना आई माझ्याशेजारून चालत होती. रागावलेली होतीच. पण राग कशाचा ते मला नीट कळेना. शेवटी तिनेच विचारलं, की तुझी ती राजकन्या, ती आईला सांगते का मग?

“सांगते. शेवटच्या प्रकरणात.”

“इतक्या उशिरा?” आई म्हणाली. “आई काय खाणार होती तिला? मूर्ख हाय ती.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संकेतस्थळावरचं माझं जुनं मत काढून टाकलं आणि त्या कादंबरीला पाच तारे दिले. खाली लिहिलं, ‘नायिका तंतोतंत खरी वाटते. फरक इतकाच, की तिने कोणाची पोपटी जाळली नाही.’