वैशाखात उतरवलेला एसी

उन्हाळ्यात गडचिरोलीत गाडीचा एसी दुरुस्त करायला लोक मेकॅनिकच्या पाया पडतात. मी तो काढून टाकायला गेलो होतो, तेही भर वैशाखात. बायको सोबत होती. मदतीला नाही, पाहायला.

चार वर्षांपूर्वी मी दारू सोडली. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण ज्याला प्यायची त्याला मोहाची मिळतेच. मला तर घरपोच मिळायची. कानाला खडा लावला तेव्हा बायकोनं एवढंच ऐकवलं, "आता एकदा जरी वास आला ना, तर मी चामोर्शीले मायच्या घरी. मंग बोलवाले येऊ नोका." ती धमकी देत नाही. बोलते तेच करते.

तेव्हापासून तिनं एक रीत ठेवली. मी बाहेरून आलो की पाण्याचा गिलास हातात द्यायचा आणि देता देता नाक जवळ आणायचं. एक दिवस खाडा नाही. आधी मला भयंकर राग यायचा. म्हटलं, आपण काय चोर आहोत? मग सवय झाली. गिलास दिसला की मीच तोंड पुढं करायचो, शाळेत नखं तपासायला हात पुढं करतात तसं.

तर त्या वैशाखात आम्ही एका लग्नाला निघालो. गाडी जुनी, दोन मालक पाहून आलेली. काचा बंद, एसी चालू. गाव सुटलं तशी तिनं नाकपुडी फुगवली.

"थांबवा गाडी."

"काऊन?"

"वास येऊन राह्यला."

येतच होता. मलाही येत होता. आंबूस, गोडसर, अस्सल मोहाचा. तिनं सीटखाली पाहिलं, डिक्की उपसली, स्टेपनीच्या खाली हात घातला. काही सापडलं नाही. पण पिणाऱ्याच्या बायकोला काही सापडलं नाही म्हणजे नवरा सुटला असं नसतं. लपवायची जागा नवी, एवढाच त्याचा अर्थ.

"कोनाले बसवता गाडीत?"

"कोनालेच नाई."

"मंग काय गाडी पेऊन राह्यली?"

मी आठवडाभर त्या वासाच्या मागं लागलो. एसी बंद केला की वास थांबायचा, चालू केला की पुन्हा यायचा. तिला म्हटलं, वास एसीतून येते. ती म्हणाली, "हव, आता एसीनं सुरू केली वाट्टे." तिनं कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. सोमवारी सकाळची बस पकडणार होती. मी म्हटलं, बाई, शनिवारी गॅरेजात चल, तुझ्या डोळ्यांसमोर सगळं उतरवतो. मग जायचं ते जा.

मेकॅनिकनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं नीट पाहिलं. "भाऊ, या गरमीत एसी काढता? डोसकं तपलं का तुमचं?"

"काढ. कॉम्प्रेसर, पाइप, कूलिंग कॉइल, सगळंच काढ."

बायको पदर डोक्यावर घेऊन एका जुन्या टायरवर बसली.

मला घाई. बोनेट उघडल्याबरोबर मीच पाना उचलून पाइपच्या नटाला लावला. मेकॅनिक असा ओरडला की पाना हातातून पडला. "अगा बाप्पा! गॅस भरून हाये त्याच्यात! डोळ्यावर उडला तर डोळा जाईल, हाताले लागला तर कातडी गोठन!" बाजूला एक गिऱ्हाईक विडी ओढत होतं, त्यालाही त्यानं बाहेर हाकललं. म्हणे हा गॅस जाळावर गेला की त्याचं विष होते. पुष्कळजण नट ढिला करून गॅस हवेत सोडून देतात, हा तसलं करत नव्हता. चष्मा आणि हातमोजे घातले, बॅटरीची तार काढली, दोन नळ्या लावल्या आणि मशीननं सगळा गॅस टाकीत ओढून घेतला. मशीनवरचा काटा खाली आल्यावरही त्यानं पाइपाला हात लावला नाही. म्हणाला, काटा परत चढते का पाहू द्या, चढला तर आत गॅस उरला.

ते पाहणं माझ्या जिवावर आलं. पंखा गरम हवा फेकत होता. पहिल्यांदाच डोक्यात आलं, की आत काहीच निघालं नाही तर? माझ्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं. मी खरंच घाबरलो होतो.

काटा चढला नाही. मग पट्टा, कॉम्प्रेसर, त्यातलं तेल डब्यात, पाइप, पाइपांच्या तोंडांना बुचं. शेवटी डॅशबोर्ड मोकळा करून त्यानं आतली पेटी बाहेर काढली आणि उघडली. वासाचा भपकाराच आला. कॉइलवर तपकिरी लगदा बसला होता, त्यात मुंग्या. त्यानं पेचकसनं थोडा उकरला, नाकाशी नेला.

"मोहफुलं हायेत ना हे! एवढी आत कशी गेली?"

मी बायकोकडं पाहिलं. ती उठून उभी राहिली होती.

चैतात तिनं मायकडून मोहफुलं आणली होती, लाडवांसाठी. अंगणात वाळत घातली तर शेळ्या ठेवत नाहीत. बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते, म्हणून तिनं ती डॅशबोर्डवर पसरून वाळवली. या युक्तीचं तिला फार कौतुक, शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. काचेखालची जाळी तुटलेली. तिथून फुलं आत पडली, एसीच्या पाण्यानं भिजली आणि आंबली.

"माहीच फुलं," ती म्हणाली. एवढंच.

मेकॅनिक हसत सुटला. "मंग झालं तर! धुऊन देतो, परत बसवतो. गरमीत कायले तरास?"

"बसवा भाऊ," बायको हळूच म्हणाली.

"नको," मी म्हटलं. ती बघत राहिली. तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "धुतला तरी थोडा राहीलच. आठ दिवस हा वास घेऊन राह्यलो मी. एसी लावला का तोंडाले पाणी सुटते माह्या. प्यालो नाई, पन प्यावं वाटते. रोज वाटते."

पकडला गेल्याशिवाय मी असं कधी कोणाला सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच. वाटलं, झालं, आता पिशवी उचलते ही.

ती मेकॅनिककडं वळली. "काढूनच टाका."

त्यानं कॉइल काढून रिकामी पेटी घासून जागेवर बसवली, सुट्या तारांना टेप गुंडाळली. आम्ही काचा उतरवून घरी आलो. सगळा रस्ता उन्हाची गरम लू अंगावर घेत.

घरी तिनं आधी दाराशी ठेवलेली पिशवी आत नेली. मग पाणी आणलं, गिलास माझ्या बाजूला स्टुलावर ठेवला आणि चुलीकडं निघून गेली. मी सवयीनं तोंड पुढं करून तसाच उभा होतो.