आतून लावलेली कडी

त्या रविवारी पाळकसाहेबांना मी कोंडलं. मुद्दाम नव्हे. मुद्दाम कोंडावं असे काही रविवार येतात, पण हा त्यातला नव्हता. उपासनेला पाच मिनिटं होती, वेदीमागच्या छोट्या खोलीत ते झगा चढवत होते आणि खोलीचं दार वाऱ्याने सारखं उघडत होतं. चर्चचा सेक्रेटरी या नात्याने दार जागेवर राहावं म्हणून मी बाहेरून किल्ली फिरवली. फिरेना, म्हणून जोर लावला. जोर लावणं हा आमच्या घराण्याचा सगळ्या प्रश्नांवरचा उपाय आहे. किल्लीचं डोकं माझ्या हातात आलं आणि धड कुलपात राहिलं.

आतून पाळकसाहेब अगदी सौम्य आवाजात काय झालं ते विचारत होते. इकडे मंडळी पहिलं गीत तिसऱ्यांदा म्हणत होती आणि तिसऱ्यांदासुद्धा त्याच ओळीत चुकत होती. माझी पाचावर धारण बसली. तेवढ्यात मधल्या बाकावरून मास्टर उठला.

मास्टरचं खरं नाव चर्चच्या वहीत आहे आणि वही माझ्याकडे आहे, तरी मला ते बघूनच आठवतं. बाजाराच्या तोंडाशी त्याचं किल्ल्यांचं दुकान. दोन गिऱ्हाइकं आत उभी राहिली की तिसऱ्याने फूटपाथवरून बोलायचं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, खाली किल्ली कापायचं मशीन, आणि मशीनमागे पितळेच्या भुशाने मिशा सोनेरी झालेला मास्टर. कुठल्याही कुलपाला त्याच्याकडे एकच किल्ली असते, ती म्हणजे तो स्वतः, चालती मास्टर-की, म्हणून हे नाव.

खिशातून त्याने दोन तारा काढल्या, डोळे मिटले आणि डॉक्टर पेशंटच्या छातीला कान लावतो तशी मान दाराकडे कलती केली. चाळीस सेकंदांत पाळकसाहेब बाहेर. आमच्या चर्चमध्ये कधी कुणी टाळ्या वाजवत नाही. त्या दिवशी वाजल्या.

त्या टाळ्या मास्टरला बाधल्या.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. त्या वर्षी पाळकसाहेबांनी पुरुषांसाठी शनिवारचा वर्ग काढला होता. ख्रिस्ती पुरुषाने स्वभावात कसं वाढावं, हा विषय. एका शनिवारी सहनशीलता, एका शनिवारी सौम्यता, एका शनिवारी आत्मसंयम. प्रत्येकाने आपला एक दोष उभं राहून सांगायचा होता. मी उशिरा उठतो असं सांगून सुटलो. मास्टरने बराच विचार केला आणि आपल्याला जेवणात मीठ जास्त लागतं असं सांगितलं. ढोंग नव्हतं हो त्यात. दारू नाही, तोंडात शिवी नाही, रविवार चुकत नाही. स्वभाव वाढायचा तेवढा वाढला, आता फक्त झाकून ठेवायचा, असा त्याचा प्रामाणिक समज होता. पाळकसाहेब बोलत असताना तो मान हलवायचा, पण ती ‘हे शेजाऱ्याने ऐकायला हवं’ अशी हलायची. सौम्यतेच्या शनिवारी ती माझ्या बाजूला बरीच हलली.

तर त्या रविवारी दुपारी मास्टरने मला आणि आमच्या हिला जेवायला नेलं. त्याचा मेहुणाही बायकोमुलांसह आलेला. दोन खोल्या आणि एक चिंचोळी पडवी, तिच्या टोकाला धाकट्या मुलाची खोली. थोरली मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात राहिला हा धाकटा, वय वर्षं एकवीस. उंच, वाकून चालणारा, बोलताना अडखळणारा. शब्द त्याच्या ओठाशी यायचा आणि तिथेच पाय घट्ट रोवून उभा राहायचा. अशा वेळी मास्टर वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. त्याला वाटायचं ही मदत.

जेवताना चाळीस सेकंदांची गोष्ट दोनदा झाली. दुसऱ्या वेळी ते तीस झाले होते. मास्टरला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते मी. म्हटलं, मास्टर, या घरात असं एक तरी कुलूप आहे का, जे तुला उघडता येत नाही? तो हसला. उठला, पडवीतून धाकट्याच्या खोलीत गेला आणि त्याचं छोटं टेबलच, कुलूप लावलेल्या खणासकट, आमच्यापुढे उचलून घेऊन आला. धाकटा तेव्हा आईबरोबर, म्हणजे वहिनींबरोबर, पाणी भरत होता. नऊ सेकंद लागले. मेहुण्याच्या पोरांनी मोठ्याने मोजले.

खणात एक वही होती. मास्टरने ती उघडली आणि वाचायला लागला. “एक पाव द्या. पाव द्या एक. मला पाव हवा होता.” मग, “स्टेशनला जाते का ही गाडी? ही गाडी स्टेशनची ना?” पानंच्या पानं अशी. कुठल्या शब्दापासून सुरुवात केली तर जीभ अडकत नाही, ते पोरगं शोधून लिहून ठेवत होतं.

“अरे, पाव मागायला कुणी पाठांतर करतं का?” मास्टर म्हणाला, आणि आम्ही हसलो. कोण सगळ्यात मोठ्याने हसलं ते आमच्या हिने मला नंतर सांगितलं. सांगायची गरज नव्हती.

पान उलटलं आणि मास्टर आपल्याच ओघात वाचत गेला. “बाबा, मला दुकानात बसायचं नाही. दुकान मला जमणार नाही, बाबा. तुम्ही रागावू नका, पण दुकान...” तिथे त्याचा आवाज उतरला. असं एकूण पाच प्रकारे लिहिलेलं होतं. धाकटा पाण्याची बादली घेऊन दारात उभा होता. त्याने बादली खाली ठेवली, एक थेंब न सांडता, वडिलांच्या हातातून वही घेतली आणि खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाहेरून एक कडी विकत आणली आणि स्वतःच आतून ठोकली. मास्टर पडवीत उभा राहून ऐकत होता. स्क्रू अर्धा इंची, लाकूड जुनं, कडी तिरपी बसतेय, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळत होतं. किल्लीवाल्याच्या पोराने कडी दुसऱ्याच्या दुकानातून आणावी, हे त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं. अक्कल यायला अजून वेळ होता.

पहिले दोन दिवस तो ओरडला. माझ्या घरात माझ्याच तोंडावर दार लावतोस का, इथून सुरुवात करून त्याने तोंडाचा पट्टा सोडला तो वहिनींनी कानांवर हात ठेवेपर्यंत. तिसऱ्या दिवशी त्याने फटीतून पत्र्याची पट्टी सरकवली आणि चार सेकंदांत कडी उचलली. दार उघडलं. धाकटा पलंगावर बसला होता. त्याने बापाकडे पाहिलं आणि चादर डोक्यावरून ओढून घेतली. बस, एवढंच. मास्टरने मला हे सांगितलं तेव्हा म्हणाला, जन्मात पहिल्यांदा कुलूप उघडलं आणि आत जाता आलं नाही. त्याने दार हळूच ओढून घेतलं. थोड्या वेळाने आतून कपाट सरकवल्याचा आवाज आला.

त्यानंतर धाकटा बाप घरी असताना बाहेर येईना. मास्टर दुकानात गेला की आंघोळ, जेवण. मास्टरची सायकल आली की कडी. हळूहळू दिवसासुद्धा येईनासा झाला. वहिनी ताट दाराशी ठेवायच्या, ते तो कपाटाने अडवलेलं दार वीतभर उघडून फटीतून हात बाहेर काढून घ्यायचा. वाळलेला तो हात बघून त्या स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या.

मास्टर माफी मागायला गेला. आधी उभ्याने. म्हणाला, माझं चुकलं, पण तूही जरा... त्या ‘पण’पाशी आतल्या पंख्याचा आवाज वाढायचा आणि मास्टरला कळायचं की ऐकणं संपलं. पाळकसाहेबांनी त्याला सांगितलं, तो ‘पण’ काढ. मास्टर म्हणाला, साहेब, ‘पण’ काढला तर मागे काय राहतं? पाळकसाहेब म्हणाले, तेच तर. मग एका दुपारी मी दुकानात गेलो तर मास्टर पावतीपुस्तकाच्या पाठीमागे काहीतरी लिहून खोडत होता. मला बघून त्याने हात आडवा धरला. चार ओळी होत्या, चारही एकच गोष्ट सांगणाऱ्या, चारही अर्ध्यात तोडलेल्या. मी भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्या मोजत उभा राहिलो.

तेव्हापासून तो दाराबाहेर जमिनीवर बसायला लागला. दुकान बंद करून यायचा, हात धुवायचा आणि पडवीत पातळशी सतरंजी टाकून, भिंतीला पाठ लावून तासभर बसायचा. बोलायचा फार थोडं. आज एका म्हातारीची पेटी उघडून दिली, त्यात नुसती बटणं निघाली, असलं काहीतरी. गप्प बसणं त्याला अजिबात जमत नव्हतं. जीभ दातांखाली धरून बसायचा आणि उठेपर्यंत त्याची मान घामाने भिजलेली असायची. शनिवारच्या वर्गात आता तो शेवटच्या बाकावर बसायचा. सहनशीलतेचा शनिवार पुन्हा आला तेव्हा मानही हलली नाही. वर्ग सुटल्यावर मला म्हणाला, सेक्रेटरी, मी घरात देवाला घाबरून वागलो, पोराला मात्र मला घाबरायला लावलं. हिशेब चुकला कुठे ते आता कळतंय, आणि पोरगं हातचं गेलं.

कडी बसल्यापासून त्रेचाळिसाव्या दिवशी दुपारी वहिनी आमच्याकडे धावत आल्या. दोन दिवस ताट तसंच होतं. पंखा बंद. हाका मारल्या, ओ नाही. मी गेलो तेव्हा मास्टर पडवीत बसला होता, मांडीवर हत्यारांची पिशवी, आणि पिशवीच्या बंदाची गाठ तो सोडत होता, पुन्हा बांधत होता. त्याने डोळे मिटून याच हातांनी कुलूप उघडलेलं मी पाहिलं होतं. वहिनी म्हणत होत्या, अहो, उघडा ना, तुमच्या पाया पडते, उघडा. मीही म्हणालो, मास्टर, आता शहाणपणा पुरे, काढ ते दार. कपाट असलं तरी बिजागऱ्या काढायला त्याला दोन मिनिटं लागली नसती.

त्याने दाराला कपाळ टेकलं.

“ऐक,” तो म्हणाला. “मी शंभर मोजतो. जिवंत असशील तर एकदा ठोक, मी दाराला हात लावणार नाही. शंभर झाले आणि ठोकलं नाहीस, तर मात्र दार काढीन. मग रागव माझ्यावर, चालेल.”

तो मोजू लागला. तीसपर्यंत ठीक. पन्नासला वहिनी खाली बसल्या. सत्तरला मी प्रार्थना सुरू केली, तीही अर्ध्यात विसरलो. मास्टरचा आवाज बारीक होत चालला होता. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. एक्याण्णव. मग तो थांबला आणि म्हणाला, त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. मी चमकून पाहिलं. त्याला आकडे येत होते. त्याला शंभर यायला नको होते. पुन्हा नव्वदपर्यंत आला, पुन्हा मागे गेला. तिसऱ्यांदा अठ्ठ्याऐंशीवर आतून आवाज आला. एकदाच, बोटाच्या पेराचा, दाराच्या अगदी खालच्या बाजूला. म्हणजे पोरगं दारापलीकडे जमिनीवरच होतं, बापासारखंच दाराला टेकून.

मास्टरने दारावरचं कपाळ काढलं. मग म्हणाला, आईने अंडं उकडलंय, तिच्यासाठी खा. मी अर्धा तास गच्चीवर जातो. आणि खरंच उठला. हत्यारांची पिशवी त्याने माझ्या हातात दिली आणि ती दुकानात टाकून यायला सांगितलं. घरात ठेवली तर आपला भरवसा नाही म्हणाला. मी दुकानात जाऊन परत आलो तेव्हा तो जिन्यावरून उतरत होता. ताटातलं अंडं अर्धं खाल्लेलं होतं. दार बंदच होतं. आतून कपाट हललं नव्हतं.

मास्टर पुन्हा त्या पातळ सतरंजीवर बसला. गुडघे कटकन वाजले, तोंड वेदनेने वाकडं झालं. मी त्याच्याशेजारी टेकलो आणि जे विचारायला नको होतं तेच विचारलं. म्हटलं, मास्टर, आज ठोकलं, ठीक. पण त्याने कधी उघडलंच नाही तर?

“तर सतरंजी जाड आणावी लागेल.”