शिजवलेलं बी

हे मी कुणाजवळही बोललेले नाही. यजमानांजवळ नाही, आईजवळ नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही दुसरंच काहीतरी मागून उठले. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून – आणि ओळखलंत तरी आता काय बिघडणार आहे? गोष्ट एका डोंगराची आहे. डोंगराची म्हणते, पण खरं तर ती सोमीची आहे. बघा, सुरुवातीलाच मी तिला मागे ढकललं.

मी नाशिकची, माळ्याची मुलगी. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी आमचा मळा होता, शेवंती, झेंडू आणि थोडी भाजी. सोळाव्या वर्षी लग्न झालं आणि पेठच्या पलीकडे, एका डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पडले. यजमान जंगलखात्यात गार्ड होते. एक कौलारू खोली, मागे ओहोळ, आणि समोर तो बोडका डोंगर. मोठ्या लढाईच्या वेळी कोळशासाठी सगळी झाडं तोडलेली. जवळ म्हणावा तर कोकणा लोकांचा एक पाडा, तोही मैलभर लांब. पावसाळ्यात चार महिने वाट बंद व्हायची. यजमान सकाळी जायचे ते दिवस मावळताना यायचे. मी खिडकीचे गज मोजत बसायची. सात होते. रोज सातच.

सोमी त्या पाड्यावरची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ती खात्याच्या रोपांच्या वाफ्यांना पाणी घालायची, त्याबदल्यात तिच्या घराला डोंगराच्या पायथ्याची एक पट्टी नागली करायला दिली होती. त्या पट्टीवरच त्यांचं वर्षाचं खाणं होतं. नागलीची भाकरी थापायला तिनंच मला शिकवलं. मी रडत असले की काही न विचारता शेजारी बसून राहायची – हे मुद्दाम सांगते आहे. ती माझी कोण होती ते तुम्हाला कळलं पाहिजे.

आमचे रेंजरसाहेब जरा वेगळे. बाकी ठिकाणी नुसता साग लावत, यांचं म्हणणं की डोंगरावर पूर्वी जे होतं तेच परत यावं. बहावा, शिरस, खैर. म्हणजे भेकरं येतील, मोर येतील. यजमान या कल्पनेनं अगदी वेडे झाले होते. सोमीनं माघापासून चैत्रापर्यंत रानोमाळ हिंडून बहाव्याच्या शेंगा आणल्या, दगडानं फोडून बी काढलं. तिच्या हातांचा तो काळा चिकट गर महिनाभर सुटला नव्हता.

आणि त्याच दिवसांत यजमान एकदा जेवताना हसत म्हणाले, "आधीच्या गार्डाचं बरं आहे. त्याचे वाफे उगवले नाहीत, तर त्याला नाशिकला वखारीवर बसवला. लाकडं राखतो गावात बसून!" ते थट्टेत बोलले. मी मात्र ते मनात धरून ठेवलं.

आता ऐका. बहाव्याचं बी फार टणक असतं. नुसतं पेरलं तर वर्षभर जमिनीत जसंच्या तसं पडून राहतं. म्हणून पाणी उकळायचं, पातेलं चुलीवरून खाली उतरवायचं, मग त्यात बी टाकायचं आणि झाकून गार होऊ द्यायचं. आधी उतरवायचं, मग टाकायचं – सगळं त्यात आहे. हे काम यजमानांनी माझ्यावर सोपवलं होतं. माळ्याची लेक, हिला काय शिकवायचं, असं ते साहेबांनाही कौतुकानं सांगायचे.

मी पातेलं उतरवलं नाही. भर दुपारी, जागी असताना, बी आत टाकलं आणि वर लाकूड सारलं. डाळ शिजावी तसा वास सुटला. मी तिथंच बसून होते. कुणी येऊन पातेलं उतरवेल असं वाटत होतं का? नाही. कुणी येऊ नये असंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पेरायला सोमी आली. तिनं एक बी उचललं, दाताखाली धरलं आणि थांबली. "बाय, हे शिजेल हाय गं." मी नुसतीच माती उकरायला लागले. तिला वाटलं पोर घाबरली. "कुनाला सांगू नको. मी आनखी हुडकून आनते." हंगाम सरला होता. चार दिवस उन्हात फिरून ती ओंजळभर बी घेऊन आली. ते तिनं दगडावर घासून पाण्यात भिजत घातलं – माझ्या हाती काही दिलं नाही – आणि एका कोपऱ्यात पेरलं. बाकीच्या वाफ्यांना ती तरीही रोज पाणी घालत राहिली. काही उगवणार नाही हे तिला माहीत होतं, तरी ओहोळावरून घागरी वाहत होती. माझं झाकण्यासाठी.

आषाढात साहेब आले. कोपऱ्यातली आठ-दहा रोपं सोडली तर वाफे मोकळे. त्यांनी माती उकरून बी बोटांत धरलं, ते पिठासारखं दबलं. "बहाव्याचं बी असं कुजत नाही. हे कुणीतरी शिजवलंय." यजमानांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळायच्या आतच मी बोलले, "त्या दिवशी मला बरं नव्हतं. चुलीपाशी सोमी होती."

सोमी तिथंच उभी होती, घागर कमरेवर घेऊन. साहेबांनी विचारलं, "खरं का गं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाचवायचं म्हणून गप्प राहिली, की तिला माझं सगळं तेव्हाच समजलं? मी कधी विचारलं नाही.

पट्टी काढून घेतली. दोनच दिवसांपूर्वी सोमीच्या घरच्यांनी नागली लावली होती. भर पावसात वाकून लावलेली ती रोपं आठवडाभरात गुरांनी खाल्ली. मी ते खिडकीतून पाहिलं. सोमीचं घर इगतपुरीकडे खडी फोडायला निघून गेलं. आणि साहेब यजमानांना म्हणाले, "हा डोंगर हिरवा दिसेपर्यंत इथून हलायचं नाही."

म्हणजे मी ज्यासाठी हे केलं, तेच गेलं. पण त्यासाठी मला कुणाकडून कीव करून घ्यायची नाही.

पुढच्या वर्षी मी पातेलं वेळेवर उतरवलं. सगळे वाफे उगवले. साहेब म्हणाले, "बघा, त्या बाईचा हात नाही तर कसं तरारून आलंय!" तेव्हा मला कळलं मी कुठं अडकले आहे ते. रोपं मेली तर यजमान इथंच राहणार. रोपं जगली तर दोष सोमीचाच होता हे पक्कं होणार. मी जितकी मन लावून पाणी घालायची, तितकी ती लोकांच्या तोंडी अडाणी ठरायची. तरी मी पाणी घालत होते. दुसरं काय करणार होते? खरं सांगू शकत होते. ते केलं नाही.

डोंगर हिरवा होत गेला. चौथ्या वर्षी भेकराचं भुंकणं ऐकू आलं, यजमान लहान मुलासारखे मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. पाचव्या वर्षी बदलीचा हुकूम आला – नाशिकचा. आणि त्यांनी तो परत पाठवला. आमच्या मंडळींचा या डोंगरावर जीव जडलाय, असं त्यात लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी मान हलवली.

त्याच उन्हाळ्यात पेठच्या बाजारात सोमी दिसली. कुणाच्या तरी लग्नाला आली होती. वाळली होती, बोटांना चिंध्या बांधलेल्या. तिनंच मला ओळखलं. पुढं आली आणि पहिलं काय विचारलं असेल?

"बाय, डोंगरावर बहावा आला का?"

"आला," मी म्हटलं. "यंदा दोन-चार झाडं फुललीसुद्धा."

"त्या कोपऱ्यातलं?"

"तेच आधी."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतक्यात यजमान आले. मनानं वाईट नव्हते ते, जुनं माणूस भेटलं म्हणून खुशीत होते. हसत म्हणाले, "काय सोमी, आता तरी पातेलं उतरवायला शिकलीस का?"

सोमीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नुसती वाट बघत होती. बाजारात आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, साहेब नव्हते, कुणाची पट्टी जाणार नव्हती, कुणाची बदली अडणार नव्हती. एक वाक्य बोलायचं होतं.

मी हसले. यजमानांच्या थट्टेला, त्यांच्याहून मोठ्यानं हसले.

सोमीनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती गर्दीत निघून गेली. मला ती परत कधी भेटली नाही.

बी शिजवलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. हसले तेव्हा बावीस वर्षांची होते, आणि मला सगळं कळत होतं.