मुलं आधी

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, संगणक विभागाची खोली आहे. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे जरतरबाई म्हणतात. कुणी काहीही सांगो, "आणि तसं नसेल तर?" असं विचारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. नणंदेने नुसतं "उद्या येते" म्हटलं तरी यांची शंका तयार. नणंदही काही कमी नाही. "वहिनी, नाही आले तर समजा आलेच नाही!" म्हणते.

त्या सकाळी तातडी विभागातल्या सिस्टरचा फोन आला. "बाई, एक पोरगी धापा टाकत आली. मी 'गंभीर' म्हणून नोंदवली, तरी बोर्ड तिला निळ्या रांगेत दाखवतोय! तिला घेतलंय मी आत, पण बाकीच्यांचं काय?"

 लाल रांग म्हणजे ताबडतोब आत. निळी म्हणजे मुलांची साधी रांग, नंबर येईपर्यंत बसायचं. बाईंनी संगणकावर रांग ठरवणारी क्वेरी, म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या अटी, उघडली आणि त्या मुलीच्या नोंदीवर एकेक अट सुटी चालवून पाहिली. वय लहान? हो. अवस्था गंभीर? हो. अटी सगळ्या खणखणीत. मग माशी शिंकली कुठे?

क्रमात. क्वेरी वरून खाली वाचत येते, जी अट पहिली लागू पडेल ती धरते आणि पुढे ढुंकूनही पाहत नाही. मुलांची रांग कालच सुरू झाली होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ती अट मोठ्या मायेने सगळ्यात वर ठेवली होती. मुलं आधी! बाईंनीही मान डोलावली होती. एरवी शंभर शंका काढणारी बाई, पण मुलांचं नाव निघालं आणि विरघळली. 'गंभीर'ची अट राहिली खाली. कालपासून एकही मूल लाल रांगेत जाऊच शकत नव्हतं.

सहकाऱ्याने कळफलक पुढे ओढला. "मी आत्ता अटी वरखाली करतो."

"कर. पण आधी लहान आणि गंभीर, दोन्ही असलेली पोरं काढ. आत्ता कोण बसलंय ते सांग."

पडद्यावर आणखी एक नाव आलं. तान्हा मुलगा. सिस्टरचा फोन लागेना. लिफ्टची वाट न बघता बाई जिन्याने पळाल्या. गुडघे बोंबलत होते, बोंबलू देत.

निळ्या खुर्च्यांवर एक आई बाळाला खांद्यावर टाकून थोपटत बसली होती. बाळाचे ओठ काळसर पडले होते.

"झोपलंय?"

"मघापासून शांत आहे."

बाईंनी अशी हाक मारली की सिस्टर धावतच आली आणि बाळाला आत घेऊन गेली. दार बंद झालं. दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बराच वेळ काही ऐकू येईना. मग आतून रडणं आलं, आधी बारीक, मग चांगलं टिपेचं. 

आईने डोळे पुसत बाईंचा हात धरला. "मी मघाशीच उठून आत जाणार होते हो. पण बोर्डावर बघितलं, मुलांची रांग वेगळी. म्हटलं, इथे आपल्या लेकराची काळजी करणारं कुणीतरी आहे. म्हणून गप्प बसून राहिले."

जरतरबाईंना तिच्याकडे बघवेना.