धर्मी मावशींचा परत आलेला अर्ज

मित्रांनो, सकाळपासून मन खातंय, म्हणून इथे लिहितो.

नववीत शाळा सुटली, पण माझं शुद्धलेखन पक्कं आहे. त्याच जोरावर बेलापूरला अर्ज भरून देण्याच्या दुकानात काम मिळालं.

आज जवळच्या दिवाळे गावातल्या एक मासळीवाल्या मावशी दिवसाचा धंदा बुडवून आल्या. बाजारातल्या जागेसाठी मी भरलेला त्यांचा अर्ज परत आला होता. त्यांचं नाव ‘धर्मी’, अर्जावर ‘धर्मा’.

रांगेतल्या सगळ्यांसमोर मी म्हणालो, “मावशी, तुम्हीच नीट सांगितलं नसेल.”

“आसंल रं बाला, माजाच चुकला आसंल.”

मग जुनी फाइल उघडली आणि आठवलं. कॉम्प्युटरच्या शब्दयादीत ‘धर्मी’ नव्हतं, म्हणून त्याने जवळचं ‘धर्मा’ सुचवलं होतं. त्याने फक्त विचारलं होतं. मावशी समोरच बसल्या होत्या, तरी त्यांना न विचारता ‘हो’ मी दाबलं.

मी गुपचूप नाव सुधारून नवी प्रिंट दिली. मावशी उलट माझेच आभार मानून गेल्या.

उद्या दिवाळ्याला जाऊन त्यांची माफी मागणार आहे. पण ज्या रांगेसमोर त्यांना चुकीचं ठरवलं, ती माणसं आता कुठे शोधू?