ताईंचं ठरलेलं उत्तर

दुकानात माणसं दोनच. आतल्या खोलीत कुत्र्यांना अंघोळ घालून त्यांचे केस कापणारा भाऊ, आणि बाहेर टेबलाशी बसून लोकांची बोलणी खाणारी त्याची थोरली बहीण. भाऊ हाताचा तरबेज, पण तोंड उघडायचं म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. म्हणून बोलण्याचं खातं बहिणीकडे आलं. तो हाक मारायचा म्हणून गिऱ्हाइकंही त्यांना ताईच म्हणत.

त्याआधी ताईंनी वीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात पालकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या. "पालक परवडले," असं त्या हल्ली उसासा टाकून म्हणायच्या. पालकाला निदान मुलाचे दोष थोडेफार माहीत असतात. कुत्रेवाल्यांचा कुत्रा म्हणजे गुणांचा पुतळा. सहा महिने कंगवा न लावता आणायचा, केसांच्या गुठळ्या पार कातडीला चिकटलेल्या, आणि मुळापासून कापले की हेच ओरडणार, "हे काय करून ठेवलंत?" परवा एक गृहस्थ फक्त एवढंच सांगायला आले होते की केस कापल्यापासून कुत्रा रुसलाय, त्यांच्याकडे पाठ करून बसतो.

"मग तुम्ही उठून त्याच्या समोर जाऊन बसा," ताई म्हणाल्या. गृहस्थांनाही हे पटलं असावं, कारण ते परत आले नाहीत.

जखमेच्या तक्रारी मात्र वेगळ्या. मशीन तापून पोटाला आलेली लाली, नख खोलवर कापलं गेल्याने आलेलं रक्त, हे ताई कबूल करायच्या, मलम द्यायच्या, माफी मागायच्या. कानाच्या तक्रारीला मात्र त्यांचं एक उत्तर ठरलेलं होतं. "कानावर गुठळ्या असल्या की कान जड होतो. त्या काढल्या की एकदम हलका वाटतो, कुत्रा सारखा झटकत राहतो आणि टोकाला रक्त येतं. घरी गेल्यावर होतं हे. आमच्याकडे नाही." हे त्यांना जनावरांच्या डॉक्टरनेच सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. फक्त नऊ वर्षांत ते इतक्या वेळा म्हणून झालं होतं की समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं.

मंगळवारी सकाळी मागच्या गल्लीतले घड्याळवाले काका आले. काखेत मफलर नावाचा त्यांचा राखाडी, झिपऱ्या केसांचा कुत्रा. त्याच्या डाव्या कानाला दोन टाके. काका आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. "काल तुमच्याकडून नेला. घरी पोचलो तर कान रक्ताने ओला. डॉक्टरने टाके घातले," एवढंच बोलले.

"काका, कानावर गुठळ्या असल्या की..." ताईंची गाडी सुटली ती थेट शेवटच्या स्टेशनवर थांबली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून घड्याळं बघायचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. "टाके पडायच्या आधी मी याच्यातून बघितलं. चीर सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी. झटकून सरळ चीर पडत नाही. तुम्हीही बघा."

"मला त्यातलं काही कळत नाही हो."

"मग उत्तर कशाच्या जोरावर दिलंत?"

काका गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ताईंना वाटलं. ओरडणाऱ्याचा राग तरी करता येतो. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. भाऊ कंगवे धूत होता.

"मफलरचा कान कापलास?"

"त्याने झटकला असेल घरी जाऊन..."

"ते वाक्य माझं आहे. मला नको ऐकवूस."

त्याने नळ बंद केला. मग तो म्हणाला, "ऐन वेळी मान वळवली त्याने. कात्री लागली जराशी. पावडर लावली, रक्त थांबलं. म्हटलं, तू घेशील सांभाळून."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सांभाळून घेशील! मी इथे नऊ वर्षं घसा फोडत्येय तो तुझ्या कात्रीवर पांघरूण घालायला? किती वेळा झालंय असं?"

"तीनदा. याच्यासकट."

बाकीची दोन माणसं कोण, हे ताईंना विचारावं लागलंच नाही. कडेवर बाळ घेऊन आलेली एक बाई आठवली, जी "मी नाही हो झटकू दिलं" म्हणत रडत गेली होती. तिच्या पाठीमागे ताईंनी नाक मुरडलं होतं. एक म्हातारे मास्तर आठवले. त्यांना तर ताईंनी वर कान पुसायची पद्धतही शिकवली होती.

त्याच दुपारी दुकानाला कुलूप लावून ताईंनी भावाला पुढे घातलं. वाटेत तो तीनदा म्हणाला, "तूच बोल ना गं." त्या त्याच्या मागून चालत राहिल्या. घड्याळवाल्यांच्या दुकानात गेल्यावर त्या दाराशीच उभ्या राहिल्या. भाऊ काऊंटरकडे बघत पुटपुटला, "कात्री माझ्याकडून लागली. सांगायला हवं होतं. चुकलो."

"कान कसा धरला होतास?" काकांनी विचारलं. भावाने हवेत हात धरून दाखवला. काका बघत राहिले. "एका हाताने कान आणि त्याच हाताने मानही? कसं जमेल?" माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि ताईंनी विचारलंही नाही.

मग बाकीच्या दोघांना फोन. बाळवाल्या बाईने शांतपणे "मला माहीत होतं" म्हटलं आणि फोन ठेवला. मास्तर मात्र अर्धा तास बोलले, आणि ताईंनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. त्या दिवसापासून नियम ठरला: ज्याच्या हातून लागेल त्यानेच कुत्रा न्यायला आलेल्या माणसाला तोंडाने सांगायचं. पहिल्या खेपेला भावाला घाम फुटला. दुसऱ्या खेपेलाही फुटला.

दोन महिन्यांनी काका मफलरला घेऊन आले. त्यांची अट एकच: कान ताईंनी धरायचा. "अहो, बाहेर फोन वाजतोय, दोन माणसं खोळंबलीत," ताई करवादल्या. काकांनी खुर्ची ओढली आणि बसले.

ताई पदर खोचून आत गेल्या. नऊ वर्षं त्या कानांविषयी बोलत आल्या होत्या, पण हातात कान असा कधी धरला नव्हता. कान गरम होता, कडेला इतका पातळ की पलीकडचं स्वतःचं बोट जाणवत होतं. केसांत तो कुठे संपतो ते दिसतच नव्हतं.

"थांब," त्या भावाला म्हणाल्या, "आधी मला कड सापडू दे."

बाहेर फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. "ताई, फोन!" कुणीतरी ओरडलं.

"वाजू दे!" ताई आतून खेकसल्या.