त्या संदेशाचं मराठी

द्वारका चौकाजवळच्या बेकरीतून ताज्या केकचा वास आला की मला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात माझ्यासोबत काम करणारे शेजारी आठवतात. एका नाताळच्या सकाळी ते केक घेऊन घरी आले आणि मोबाइलवर एका परदेशी पंतप्रधानांचा संदेश दाखवू लागले. येशू माझा तारणारा आहे, असं त्यात सरळ म्हटलं होतं. "तुमचं इंग्रजी चांगलंय. एवढं मराठीत लिहून द्या ना, संध्याकाळी चर्चमध्ये वाचायचंय." माझ्या मनात पाल चुकचुकली. हे माझ्याच हातून कशाला लिहून हवंय? "मला तुमच्या धर्मात ओढायचा विचार दिसतोय," मी बोलून गेलो. त्यांचा चेहरा उतरला. "नाही हो. एवढा मोठा माणूस उघडपणे बोलतो, आणि आमचे म्हातारे लोक काय म्हणतील म्हणून चर्चमध्ये गातानासुद्धा आवाज चढवत नाहीत. त्यांना ऐकवायचं होतं." एवढं बोलून ते निघून गेले. पुढच्या नाताळला मीच पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते बाहेर आले, मागे दार ओढून घेतलं आणि म्हणाले, "काही काम होतं का?" "नुसत्या शुभेच्छा द्यायला आलो," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही, आणि आता विचार करतो तर त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही; आदल्या वर्षी त्यांच्या केकमागे मीही हेतूच शोधला होता.